कार्यालयीन पत्र: थोडक्यात आणि नेमके

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, 1964 नुसार मराठी ही राज्याची राजभाषा आहे. पण पत्र नुसते मराठीत असणे पुरेसे नाही. उदाहरणार्थ, वाशिम जिल्ह्यात सहा तालुके आहेत. त्यांपैकी रिसोड असो की मानोरा, एकच पत्र सर्वत्र एका वाचनात कळायला हवे.

✅ विषय: नेमके काम एका ओळीत.
✅ संदर्भ: आधीच्या पत्राचा क्रमांक, दिनांक.
✅ मजकूर: काय, कोणी, केव्हापर्यंत.

“उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की…” ही सुरुवात गाळता येते. “तहसीलदारांनी सोयाबीन नुकसानीचा पंचनामा अहवाल 15 सप्टेंबरपर्यंत पाठवावा,” एवढे पुरेसे असते.

पत्राप्रमाणेच कार्यालयीन टिपणीतही एका परिच्छेदात एकच मुद्दा घ्यावा, लागू नियम नमूद करावा आणि शेवटी निर्णयासाठी स्पष्ट प्रस्ताव मांडावा.