गिलाव्याआड काय दडले आहे?

इमारत पूर्ण होत आली की उरलेल्या कामांची यादी निघते : तडकलेली फरशी, गळणारा नळ, ओल धरलेली भिंत, सुटलेली अर्थिंगची तार. मोठ्या रुग्णालयाच्या कामात अशा नोंदी शेकड्यांनी होतात. काही वहीत राहतात, काही व्हॉट्सॲपवरच्या फोटोंत हरवतात.

इथे कृत्रिम बुद्धिमत्ता उपयोगी पडते. अभियंता फिरताना फोटो काढतो, बोलतो. संगणक त्यातून नोंदी तयार करतो, दुबार नोंदी जुळवतो, प्लंबर, सुतार, गवंडी अशी कामे वाटतो. रंगाच्या डागाआधी अर्थिंगची तार हवी, हा क्रमही लावता येतो.

पण फोटोत जे दिसते, तेवढेच त्याला कळते. धाराशिव जिल्ह्यात ही मर्यादा जिवाशी निगडित आहे. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे भूकंपाने सास्तूर परिसरात दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. भूकंपरोधक घरात जोते, लिंटेल आणि छताच्या पातळीवरील काँक्रीटच्या सलग पट्ट्या भिंतींना एकत्र बांधून ठेवतात. पट्टीतली सळई मात्र काँक्रीट ओतल्यावर कोणत्याच कॅमेऱ्याला दिसत नाही.

त्यामुळे ही यादी काँक्रीट ओतण्यापूर्वीच सुरू व्हायला हवी. सळयांचे तारीखवार फोटो जपले, तर संगणक राहून गेलेली जागा दाखवू शकेल. नोंदीपुढे ‘पूर्ण’ लिहिण्याआधी जागेवर जाऊन पाहायचे आणि सही करायची, ही जबाबदारी अभियंत्याचीच.