वीतभर फळीवरची माणसं

बक्षीराम कुंभार. मुक्काम आग्रा. वयाची शंभरी ओलांडल्याचा बोलबाला. अशा माणसाचं तैलचित्र इंग्लंडच्या राजवाड्यात लागावं, हेच मुळात नवल! ते लागलं आणि आजही राजघराण्याच्या संग्रहात आहे.

१८८६ साली लंडनमध्ये वसाहतींचं आणि हिंदुस्थानचं भव्य प्रदर्शन भरलं होतं. आग्र्याहून नेलेले कारागीर तिथं लोकांसमोर बसून काम करत. त्यातले बरेचजण आग्र्याच्या तुरुंगात हुन्नर शिकलेले कैदी होते. त्यांची चित्रं काढून घ्यायचं महाराणी व्हिक्टोरियाच्या मनात आलं आणि काम मिळालं व्हिएन्नाच्या जेमतेम २६ वर्षांच्या रुडॉल्फ स्वोबोदाला.

स्वोबोदाचं घराणंच रंगात बुडालेलं. बहीण योसेफीन चित्रकार, मामा लेओपोल्ड कार्ल म्यूलर तर इजिप्तच्या चित्रांसाठी नावाजलेला. मामाच्या हाताखाली शिकताना तोही इजिप्तला जाऊन आला होता. रखरखीत उन्हात कातडीचा रंग कसा उजळतो, सुरकुतीत सावली कशी साचते, हे त्याच्या नजरेत मुरलेलं होतं.

बक्षीरामच्या चित्रात ती नजर दिसते. चित्राची लाकडी फळी जेमतेम वीतभर उंच. पाठीमागे ना महाल, ना देखावा. आहे तो फक्त म्हातारा, त्याची पांढरी दाढी आणि चेहऱ्यावरचं सुरकुत्यांचं जाळं. एकेक सुरकुती वेगळी रंगवलेली. एवढ्याशा जागेत एक अख्खं आयुष्य मावलंय!

चित्रं पाहून खूश झालेल्या राणीनं प्रवासखर्चाला ३०० पौंड देऊन त्याला थेट हिंदुस्थानात धाडलं. स्वतः तिनं हा देश कधीच पाहिला नाही. तिला हवे होते इथल्या निरनिराळ्या लोकांचे नमुने. स्वोबोदा दोन वर्षं इथं फिरला. परतल्यावर त्यानं १८८८ मध्ये राणीच्या मर्जीतल्या मुन्शी अब्दुल करीमचं चित्र काढलं. ‘व्हिक्टोरिया अँड अब्दुल’ चित्रपटामुळे आपल्या ओळखीचा झालेला अब्दुल तो हाच.

१८९२ च्या एका मोठ्या चित्रात त्यानं आगगाडी बघायला कुंपणाशी जमलेले गावकरी रंगवले. गंमत म्हणजे चित्रात गाडीच नाही! आहेत ते फक्त गाडीकडे लागलेले डोळे.

१९१४ साली व्हिएन्नातच त्याचं निधन झालं. त्याची ही चित्रं आइल ऑफ वाइट बेटावरच्या ऑसबोर्न हाउस या राणीच्या राजवाड्यात ओळीनं लागलेली आहेत.

त्या काळी तैलचित्रं निघायची ती राजेरजवाड्यांची. हाताला माती लागलेल्या माणसाचं नाव सहसा कुणी लिहून ठेवत नसे. इथं मात्र कुंभार बक्षीराम आहे, गालिचे विणणारा पोरगेला रामलाल आहे, आपापल्या नावानिशी. राणीनं नमुने मागवले होते. पण स्वोबोदा प्रत्येक चेहऱ्यासमोर पुरेसा वेळ बसला, म्हणून तिच्या हाती नमुन्यांऐवजी माणसं आली आणि तिच्यामागून ती आपल्यापर्यंतही पोहोचली.