राखेची वीट आणि लाल विटेचा हिशेब

बांधकाम धंद्यात पर्यावरण राखणारा व्यवहार का रुजत नाही, असे विचारले की अभियंते तंत्राकडे बोट दाखवतात. मी वाणिज्य शाखेला शिकवतो. मला दोष हिशेबात दिसतो.

साधी वीट घ्या. कोराडी, चंद्रपूर, परळी येथील औष्णिक वीज केंद्रांत कोळशाची राख साचते. या राखेत वाळू किंवा दगडाची भुकटी आणि सिमेंट किंवा चुना मिसळून यंत्राने दाबले की वीट होते. तिला शेतातली माती लागत नाही, भट्टी लागत नाही. पाणी मारून ती पक्की होते. केंद्र सरकारने १९९९ साली अधिसूचना काढून वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीट उत्पादकांवर मातीत किमान २५ टक्के राख मिसळण्याचे बंधन घातले. हे अंतर २००३ साली १०० आणि २०१६ साली ३०० किलोमीटर झाले. तरी लाल वीट हटलेली नाही.

कारण ती स्वस्त पडते. का स्वस्त पडते, हे निविदेत लिहिलेले नसते. पावसाळ्याच्या तोंडी, घरात दाणा नसताना, मालक कुटुंबाला उचल देतो आणि नवराबायको, पोरे मिळून हंगामभर ती फेडतात. ठाणे, पालघर, रायगडात हे बहुतेक कातकरी. इतरत्र आपलेही लोक आहेत. मजुरी हजार विटांवर, म्हणून पोराचे श्रम बापाच्या नावावर जमा. कर्जापोटी माणूस राबवणे १९७६ च्या कायद्याने गुन्हा ठरवले. उचल चालूच आहे. खरवडलेली माती, धूर, पोरांची बुडालेली शाळा यांतले काहीही विटेच्या दरात धरलेले नसते.

त्यात सरकारी कामाची रीत म्हणजे सर्वांत कमी दराची निविदा. खासगी इमारतीत बांधणारा एक, राहणारा दुसरा. घर थंड राहून वाचणारे वीजबिल बिल्डरच्या खिशात पडत नाही. मग त्याने जादा पैसा का घालावा? आणि आपला एखादा शिकलेला पोरगा राखेच्या विटांचा कारखाना काढू म्हणाला, तर बँक तारण मागते. भूमिहीनाने तारण काय ठेवायचे?

पर्यावरणवादी मित्र भट्ट्या बंद करा म्हणतात, तेव्हा एक प्रश्न वगळतात. हात थापायचे काम यंत्राने केले, तर भट्टीवरची कुटुंबे कुठे जाणार? राखेच्या कारखान्यात पहिला हक्क त्यांचा, आणि राखेच्या तळ्याशेजारी राहणाऱ्यांचा हवा. तोवर निदान दरसूची ठरवणाऱ्यांनी थापणाऱ्या प्रत्येक हाताचे किमान वेतन धरून लाल विटेचा दर काढावा आणि मग दोन्ही विटांचे दर शेजारी शेजारी मांडावेत.