आरसीईपीला नकार दिला, आता आतल्या बाजारावर लक्ष कोणाचं?

बिद्रीत सकाळी डेअरीवर दूध घालणारं घर आणि संध्याकाळी चहासाठी पिशवी विकत आणणारं घर एकाच गल्लीत असतं. एकाला चांगला दर हवा, दुसऱ्याला स्वस्ताई. आरसीईपी या व्यापार कराराबाहेर राहण्याचा अर्थ दोघांसाठी सारखा नाही.

4 नोव्हेंबर 2019 रोजी बँकॉकमध्ये पंतप्रधान मोदींनी नकार कळवला. म्हणजे आपण सभासद होऊन बाहेर पडलो नाही, बोलणी चालू असतानाच उठलो. उरलेल्या 15 देशांनी वर्षभराने सह्या केल्या. मोठी धास्ती होती न्यूझीलंडच्या दूध पावडरीची. ठरलेल्या कोट्यापलीकडे तिच्यावर आपण 60 टक्के शुल्क लावतो, साखरेवर तर 100 टक्के. हा आडोसा टिकला. गोकुळला दूध घालणारे आणि दूधगंगा-वेदगंगा कारखान्याचे ऊस उत्पादक सुटले.

पण आडोसा आतल्या बड्या कंपन्यांनाही मिळतो. बाहेरचा माल येणार नसेल तर दर वाढवताना भीती कोणाची? ती घालायचं काम मग आपल्याच भारतीय स्पर्धा आयोगाचं. संगनमतानं दर ठरवल्याबद्दल आयोगानं 2012 मध्ये सिमेंट कंपन्यांना 6 हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. प्रकरण वर्षानुवर्षे कोर्टातच फिरत राहिलं. घर बांधणाऱ्याच्या हातात त्यातलं काय पडलं, हे विचारू नका.

करारात स्पर्धेचं आणि ग्राहक संरक्षणाचंही प्रकरण आहे, पण त्यावरून देशांना एकमेकांविरुद्ध तंटा नेता येत नाही. त्यामुळे तिथं आपण फारसं काही गमावलं नाही.

ब्रिटनचं तसं नाही. तो युरोपीय संघाचा खराखुरा सभासद होता. 2021 पासून मोठ्या कंपन्यांचं विलीनीकरण तिथलं प्राधिकरण स्वतंत्रपणे तपासतं. मायक्रोसॉफ्टचा अ‍ॅक्टिव्हिजन खरेदीचा सौदा त्यानं एप्रिल 2023 मध्ये अडवला, युरोपनं मात्र पुढच्याच महिन्यात अटी घालून मान्य केला. शेवटी कंपनीला सौदा बदलावा लागला. ही झाली ताकद. दुसरीकडे, युरोपात फुकट रोमिंगची कायद्यानं असलेली हमी ब्रिटिश ग्राहकानं गमावली आणि बऱ्याच मोबाईल कंपन्यांनी पुन्हा पैसे लावले. तिकडे राहणाऱ्या आपल्या कोकणी नातेवाइकांना विचारा.

आपल्याकडे 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 पासून लागू आहे. वजनात, दरात किंवा भेसळीत फसवणूक झाली तर आधी 1915 वर फोन करा. नाहीच भागलं, तर कोल्हापूरला जिल्हा ग्राहक आयोग आहे. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. पावती मात्र जपून ठेवा.