तंबोरा घ्यायचा म्हणजे काय करायचं?

दोस्तांनो, सायकल घ्यायची असली तर आपण काय करतो? दुकानात जातो, रंग पसंत करतो, घंटी वाजवून बघतो. बाबा पैसे देतात आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर मिरवूनही होतं! बॅट, घड्याळ, मोबाइल, सगळ्यांची गोष्ट तीच. पण काही वस्तू अशा आहेत, की त्या ‘द्या हो एक’ म्हणून मिळत नाहीत. त्या आधी सांगून ठेवाव्या लागतात. मग वाट पाहावी लागते. आणि घरी आणल्यावरही ती बनवणाऱ्या माणसाशी असलेलं आपलं नातं संपत नाही. हातानं घडवलेलं वाद्य ही अशीच एक वस्तू.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना खरं तर हे वेगळं सांगायला नको. रेला नाचात घुमणारा ढोल काही कारखान्यातून येत नाही. लाकडाचा ओंडका आतून कोरायचा, दोन्ही तोंडांना कातडं चढवायचं, असं ते काम. गोंडांच्या कथा गाणाऱ्या परधानांची किंगरीसुद्धा हातानंच घडते. ढोल बिघडला तर कुणाचं दार ठोठवायचं, हे गावात लहान पोरालाही ठाऊक असतं.

मग आता सांगा, तुमच्यापैकी जे गाणं शिकतात, त्यांचा तंबोरा कोण बनवतं? तो बिघडला तर कुणाचं दार ठोठवायचं?

तलवारीकडून तारांकडे

ते दार आहे महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला, सांगली जिल्ह्यातल्या मिरजेत. तिथे पटवर्धनांचं संस्थान होतं, तेव्हाची ही गोष्ट. तिथली शिकलगार मंडळी तलवारी, भाले अशा हत्यारांना धार लावायची, ती दुरुस्त करायची. इंग्रजांचं राज्य आलं, लढाया थांबल्या आणि हत्यारांचं काम कमी झालं. हातात कसब आहे, पण काम नाही. करायचं काय? एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला याच मंडळींपैकी फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ मोहिउद्दीन यांनी वाद्यं दुरुस्त करायला घेतली. दुरुस्त करता करता ते स्वतःच वाद्यं बनवू लागले. तलवारीचं आडनाव मागे पडलं आणि लोक त्यांना ‘सतारमेकर’ म्हणू लागले!

मिरजेला गाणाऱ्यांचीही साथ मिळाली. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ पुढे मिरजेतच राहिले. १९३७ साली ते वारले. तंबोरा सुरात लावावा तर खाँसाहेबांनीच, असं जुने लोक म्हणायचे. असा चोखंदळ कान शेजारी असला, की कारागिराला चालढकल कशी करता येईल? वाद्य बनवणारा आणि वाजवणारा एकाच गावात असण्याचा हा मोठा फायदा.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे काय, तर दुसरीकडे बनलेल्या वाद्याला ‘मिरजेचं’ म्हणून विकता येत नाही. नागपूरची संत्री म्हणजे नागपूरचीच, तसंच हे.

शेतातला भोपळा, जंगलातली लाख

तंबोऱ्याचं पोट म्हणजे चक्क भोपळा असतो, बरं का! पण तो भाजीचा नव्हे. हा कडू भोपळा. सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला त्याची शेती होते. भोपळा वेलावर पुरता पिकू देतात आणि मग महिनोन्‌महिने वाळवतात. वाळला की पाण्यात भिजवून कापायचा, आतला गर आणि बिया काढायच्या, आत काठ्या अडकवून त्याला हवा तो आकार द्यायचा आणि पुन्हा वाळवायचा. मग त्याच्यावर लाकडाचा गळा, लांब पोकळ दांडी आणि पुढून झाकणासारखी तबली बसते. पावसानं किंवा पुरानं वेल कुजला, तर त्या वर्षी वाद्याचं पोटच मिळत नाही. तेव्हा तंबोरा हे थोडं शेतातलं पीकही आहे!

लाकूड बहुतेक तुनीचं. ते हलकं असतं आणि चांगलं कोरता येतं. काही वाद्यं सागवानाचीही बनतात. सागवान म्हटल्यावर तुमचे कान टवकारले ना? आपल्या आलापल्लीच्या सागाची कीर्ती दूरवर आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीही २०२३ साली बल्लारपूरहूनच सागवान गेलं. मात्र लाकूड दाराचं असो की वाद्याचं, ते नीट सुकलेलं हवं. ओलं लाकूड नंतर आक्रसतं, वाकतं. तंबोऱ्याची दांडी वाकली, की सूर बिघडलाच म्हणून समजा.

शेवटचा हात लाखेच्या पॉलिशचा. लाखेचे किडे पळस, बोर आणि कुसुम या झाडांवर वाढतात. ही झाडं तुम्हाला ओळखीची आहेतच.

आणि एक गोष्ट जंगलात राहणाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी. तारा ज्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. पूर्वी वाद्यांच्या घोड्या हस्तिदंताच्या किंवा सांबराच्या शिंगाच्याही करत. आता तसं चालत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते बंद झालं. त्यामुळे आता उंटाचं हाड, काळं आबनूस लाकूड किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात. ताडोबाच्या परिसरात सांबराचं गळून पडलेलं शिंग दिसलं, तरी ते उचलायचं नाही. वाद्यासाठी तर नाहीच नाही.

जवारी नावाची जादू

तंबोऱ्याला बहुधा चारच तारा. पहिली पंचमाची, मधल्या दोन षड्‌जाच्या, त्यांना जोडाच्या तारा म्हणतात, आणि शेवटची पितळी तार खर्जाची. या चार तारांतून एवढा मोठा गुंजारव येतो कुठून?

घोडीचा माथा अगदी किंचित उतरता घासलेला असतो. तार कंप पावते तेव्हा या माथ्याला हलकेच स्पर्श करत राहते. त्यातून एकाच सुराच्या पोटातले अनेक बारीक सूर उमटतात. यालाच ‘जवारी’ म्हणतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवतात. तो केसभर इकडे तिकडे झाला, की आवाज उघडतो किंवा मिटतो. जवारी छान लागली, तर खर्जाच्या तारेतून चक्क गंधार ऐकू येतो. गंधाराची तार तर तंबोऱ्याला नसतेच! तार सबंध हलते, तशी तिच्या अर्ध्यात, तिसऱ्या भागात, पाचव्या भागातही हलत असते. हा पाचवा भाग म्हणजे आपला गंधार. पुढच्या वेळी क्लासला गेलात की डोळे मिटून ऐका. पहिल्या दिवशी नाही आला, तर आठव्या दिवशी नक्की येईल.

पण वाजवून वाजवून घोडीवर तारेची खाच पडते आणि जवारी उतरते. मग कारागीर कानस घेऊन बसतो. थोडं घासायचं, तार लावायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. जास्त घासलं तर घोडी वाया! हे काम पुस्तकात वाचून येत नाही. वडिलांच्या, काकांच्या किंवा उस्तादांच्या शेजारी वर्षानुवर्षं बसूनच ते कानात उतरतं.

न्यूयॉर्कचं एक छोटं दुकान

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं समजू नका. ‘आर्चटॉप’ नावाची एक गिटार असते. तिची पुढची फळी सपाट नसते, व्हायोलिनसारखी फुगीर कोरलेली असते. अमेरिकेत ऑर्विल गिब्सन यांनी अशा कोरीव वाद्याचं पेटंट १८९८ साली मिळवलं. पुढे न्यूयॉर्कमध्ये जॉन डी’अँजेलिको या कारागिरानं १९३२ साली स्वतःचं छोटं दुकान काढलं. गिऱ्हाईक यायचं, काय हवं ते सांगायचं आणि वाट पाहायचं. १९६४ साली ते वारले तोवर त्यांच्या दुकानातून साडेअकराशेच्या वर गिटारी बाहेर पडल्या होत्या. एका कारखान्याच्या मानानं हे काहीच नाही, पण वादक आजही त्या जपून ठेवतात. शेवटच्या अपुऱ्या राहिलेल्या गिटारी त्यांच्या शिष्यानं, जिमी डी’अक्विस्तोनं पुऱ्या केल्या. शिष्य होता म्हणून ते काम पुढे चाललं.

आणि गंमत बघा, याच आर्चटॉप गिटारीला जादा तारा लावून पंडित विश्वमोहन भट्ट यांनी मोहनवीणा केली. तिच्यावरच्या वादनाला १९९४ साली ग्रॅमी पुरस्कारही मिळाला.

घेताना काय बघायचं?

आता आई-बाबांनाही जवळ बोलवा. हा भाग त्यांच्यासाठीही आहे.

पहिली गोष्ट, घाई नको. गाणं शिकायला लागल्याबरोबर तंबोरा घ्यायची काही गरज नाही. मुलांचा आवाज तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या आसपास फुटतो आणि पट्टी खाली येते. मर्दानी तंबोरा मोठा असतो, तो साधारण काळी एक-दोनच्या पट्टीला लागतो. जनानी लहान, तो काळी चार-पाचला. आज लहान घेतला आणि दोन वर्षांत आवाज उतरला, तर तंबोरा कोपऱ्यात! गुरुजींना विचारूनच पट्टी ठरवा.

दुसरी गोष्ट, शक्य असलं तर गुरुजींना बरोबर न्या. दांडी एका डोळ्यानं सरळ बघा. भोपळ्याला चीर नाही ना, सांधे घट्ट आहेत ना, खुंट्या फिरवल्यावर जागच्या जागी राहतात ना, हे तपासा. मग डोळे मिटून ऐका. नक्षी सगळ्यांत शेवटी बघायची. पानाफुलांनी मढवलेला तंबोरा गोड वाजेलच असं नाही.

तिसरी गोष्ट, सांगून बनवून घेणार असलात, तर लाकूड कोणतं, पट्टी कोणती, आगाऊ रक्कम किती, कधी मिळणार, हे सगळं कागदावर लिहून घ्या. आणि मग धीर धरा. भोपळ्याला आणि लाकडाला आपल्या परीक्षेचं वेळापत्रक कळत नाही.

चौथी गोष्ट, आधी घरातला माळा बघा. आजी-आजोबांचा जुना तंबोरा धूळ खात पडला असेल, तर नवा घेण्याआधी तो कारागिराला दाखवा. पुष्कळदा नवी घोडी, नव्या तारा आणि एक खुंटी एवढ्यावर काम भागतं. खर्चही कमी.

विदर्भाच्या उन्हात

घरी आणल्यावर खरी कसोटी. चंद्रपूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. पारा ४५ अंशांच्या वर गेला, की आपल्यासारखाच तंबोराही सुकतो. लाकूड आक्रसतं, खुंट्या सैल होतात, कधी तबलीला चीरही जाते. म्हणून भिंतीला ऊन लागतं तिथे तंबोरा ठेवायचा नाही. कूलरच्या ओल्या झोतासमोरही नाही. पावसाळ्यात गडचिरोलीच्या दमट हवेत उलटी गत. खुंट्या फुगून अडकतात. जोर लावून पिळायच्या नाहीत. घसरणाऱ्या खुंटीला थोडा खडू लावला, की ती पकड घेते. रोज मऊ फडक्यानं पुसा, गवसणीत ठेवा, प्रवासात तारा सैल करा. आणि आठवड्यातून चार वेळा तरी लावा. न वाजणारं वाद्य लवकर बिघडतं.

‘पण मोबाइलमध्ये फुकट तंबोरा मिळतो की!’ असं कुणीतरी म्हणालंच असेल. बरोबर आहे. रियाजाला तो उपयोगी पडतो, आणि पैसे नसतील तर त्यात कमीपणा मुळीच नाही. मात्र एक फरक आहे. मोबाइलचा तंबोरा आयता सुरात असतो. खरा तंबोरा तुम्हाला लावावा लागतो. खालचे मणी केसभर सरकवत, ऐकत, पुन्हा सरकवत. तेवढ्या दहा मिनिटांत कान तयार होतो.

दुसरा फरक मिरजेच्या गल्लीत कळतो. एक तंबोरा घडवायला महिने लागतात आणि कमाई बेताची. म्हणून तिथल्या मुलांपुढेही प्रश्न आहे, वडिलांच्या शेजारी कानस घेऊन बसायचं की दुसरी नोकरी बघायची? ते तुमच्याच वयाचे आहेत. त्यांनी काय ठरवावं हे आपण सांगू शकत नाही. पण गिऱ्हाईक यायचंच थांबलं, तर त्यांना ठरवायला काही उरणारच नाही. आपल्या गावातल्या ढोल बनवणाऱ्याचंही तसंच आहे.

तेव्हा दोस्तांनो, या आठवड्यात एक काम करा. तुमच्या क्लासमध्ये, शाळेत किंवा देवळात जे वाद्य असेल, ते कुणी बनवलं हे विचारून या. वाद्याच्या आत एखादी चिठ्ठी चिकटवलेली आहे का तेही बघा. नाव सापडलं तर वहीत लिहून ठेवा. वाद्य बिघडेल तेव्हा ते लागणारच आहे.