धरणाच्या आकड्यातली हर्षद संख्या

पावसाळ्यात बातम्यांत भंडारदरा धरणाची पूर्ण क्षमता सांगतात : ११ हजार ३९ दशलक्ष घनफूट. आपण ऐकतो आणि सोडून देतो. मी हा आकडा एकदा कागदावर पूर्ण मांडला. ११,०३,९०,००,०००, म्हणजे अकरा अब्ज तीन कोटी नव्वद लाख. मग त्याला कापरेकरांच्या कसोट्या लावल्या.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) हे देवळालीचे शाळामास्तर. जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते, तिला त्यांनी नाव दिले 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी. आपल्या आकड्यातल्या अंकांची बेरीज १४. भाग देऊन पाहा, ७८,८५,००,००० येतात आणि बाकी शून्य. धरणाचा आकडा हर्षद आहे! पण नुसते ११,०३९ घेतले तर मात्र नाही. त्याचे मूळ अवयव ७, १९ आणि ८३. चौदाला सात हवा तसा दोनही हवा, आणि तो दोन पुरवला मागच्या शून्यांनी. शून्याला किंमत नाही असे कोण म्हणेल?

दुसरी कसोटी विभाजकांची. ११,०३९ ला स्वतःखेरीज १, ७, १९, ८३, १३३, ५८१ आणि १,५७७ एवढे विभाजक. त्यांची बेरीज २,४०१. संख्येपेक्षा कमी, म्हणून ती 'अपुरी'. (२,४०१ म्हणजे चार वेळा सात एकमेकांनी गुणलेले. हे पाहून मी बेरीज पुन्हा तपासली.) सहा शून्ये जोडली की तीच 'विपुल' होते, विभाजकांची बेरीज संख्येच्या पुढे जाते.

कापरेकरांच्या 'स्वयंभू' संख्यांत मात्र ११,०३९ बसत नाही. स्वयंभू म्हणजे जिला जनक नाही. इथे जनक आहे : ११,०३२ मध्ये त्याच्याच अंकांची बेरीज ७ मिळवा.

धरण पूर्ण झाले ते वर्ष १९२६. त्याचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा. ९६२१ वजा १२६९, आले ८३५२. पुन्हा ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. हाच जगप्रसिद्ध कापरेकर स्थिरांक.

या साऱ्याला आपल्याकडचे अनेक विद्वान पोरखेळ म्हणत. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिले, तेव्हा कापरेकरांचे नाव जगभर गेले. आक्षेप अगदीच खोटा नाही. तेच पाणी लिटरमध्ये मोजा, सुमारे ३१,२६० कोटी भरेल, आणि हर्षदपणाची खात्री राहणार नाही. तो गुण पाण्याचा नाही, आपल्या लिहिण्याचा आहे. अवयवांचे तसे नसते. ११,०३९ कोणत्याही पद्धतीने लिहा, ७, १९ आणि ८३ तिला सोडत नाहीत.

बोलताना मात्र आपण 'अकरा टीएमसी' म्हणून मोकळे होतो. वरचे ३९ दशलक्ष घनफूट कुठे गेले? ते सुमारे ११० कोटी लिटर होतात. माणशी रोज १०० लिटर धरले, तर एक लाख वस्तीच्या गावाला तेवढे पाणी ११० दिवस पुरते.