महासंगणक आणि कामगंध सापळ्याची वही

कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये सत्येंद्रनाथ बोस राष्ट्रीय मूलभूत विज्ञान केंद्र आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रार्पण झालेल्या तीन परम रुद्र महासंगणकांपैकी एक तेथे आहे. याच उपनगरात भरलेल्या महासंगणन उद्योगाच्या परिषदेला विदर्भातील कीटकशास्त्राचा एक पदव्युत्तर विद्यार्थी गेला, तो कपाशीतील कामगंध सापळ्यांच्या तीन हंगामांच्या नोंदी घेऊन.

दालनांतील मंडळी प्रथम विचारीत, माहितीसाठा किती? त्याच्या साऱ्या नोंदी मोबाइलमधील एका छायाचित्राएवढ्या जागेतही मावत होत्या. (ओशाळण्याचे कारण नव्हते, पतंग एकेक करून मोजावाच लागतो.) हवामानावरील व्याख्यानात मात्र तो सावरून बसला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली, मे २०२५ मध्ये सुरू झालेली भारत पूर्वानुमान प्रणाली सहा किलोमीटरच्या जाळीवर अंदाज वर्तवते. पूर्वीची जाळी बारा किलोमीटरची होती. तरीही एक चौकट ३,६०० हेक्टरांची. तीत ओलिताची कपाशी येते, तशी कोरडवाहूही.

त्याने कीड-अंदाजाविषयी विचारले, तेव्हा उलट प्रश्न आला: पतंगांची मोजणी रोजची की आठवड्याची? ती आठवड्याची होती. गुलाबी बोंडअळीची आर्थिक नुकसानीची पातळी तर सलग तीन रात्री प्रति सापळा आठ पतंग अशी धरली जाते. आठवड्याच्या बेरजेतून त्या तीन रात्री कोणताही महासंगणक वेगळ्या काढू शकत नाही.

परतीच्या गाडीत त्याने चौथ्या हंगामाच्या वहीत रोजचे रकाने आखले. सापळे रोज पाहणार कोण, हे शेतकऱ्यांशी बोलून ठरवायचे आहे.